विचारून काढलेली मिशी

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. वाकलं की अजून धाप लागते, म्हणून कागदावरच वाकतो.

तुझ्या गावच्या हॉस्पिटलातून मला घरी येऊन दहा दिवस झाले. लेक मला अंथरुणावरून उठू देत नाही आणि तिचं तान्हं मला झोपू देत नाही, असं छान चाललंय. आवाजाचं विचारशील तर तो अजून रजेवरच आहे. सतरा दिवस घशात नळी होती, त्यामुळे स्वरयंत्राला सूज आलीय. दोन महिने तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. जन्मभर तू मला 'गप्प बस' म्हणत आलीस, अखेर तुझं कुणीतरी ऐकलं. म्हणून ही पत्रं. फोनवर मी नुसता श्वास घेणार आणि तू एकटीच बोलणार, त्यात नवीन काय?

आता कामाचं. हसू येईल, पण पुरतं वाच.

सगळे म्हणतात, मी सतरा दिवस बेशुद्ध होतो. होतो खरा, पण अगदी ठार नाही. मला वाटायचं, मी एका बसच्या शेवटच्या बाकावर पडलोय, गाडी भरधाव चाललीय आणि पुढे स्टिअरिंगवर कुणीच नाही. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला याहून वाईट काय दिसणार? ओरडावं तर तोंडात नळी. अशात कानाजवळ कुठेतरी दोन टोले पडायचे. टण्, टण्. आणि एक बाईचा आवाज म्हणायचा, "ड्रायव्हरकाका, डावीकडे वळतोय. मी धरलंय." मग मला डाव्या कुशीवर घ्यायचे.

तुला ठाऊकच आहे, कंडक्टरने एक टोला दिला की थांब, दोन दिले की चल. दोन टोले पडल्याशिवाय मी कधी गाडी जागची हलवली नाही. ते टोले ऐकले की त्या बिनड्रायव्हरच्या गाडीतही वाटायचं, चला, कंडक्टर तरी जागेवर आहे.

ती सगळं आधी सांगायची. सुई टोचते काका, मुंगीपेक्षा जास्त, गांधीलमाशीपेक्षा कमी. तोंड पुसते, पाणी गार आहे हं. एकदाही न सांगता तिचा हात लागला नाही. मला उत्तर देता येत नव्हतं, पापणीसुद्धा हलत नव्हती. तरी ती प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायची, समोरचा बोलेल म्हणून आपण थांबतो ना, तशी.

मध्येच ती नाहीशी झाली. तीन दिवस टोले नाहीत, आवाज नाही. बाकीच्यांचे हात काही वाईट नव्हते गं, पण न सांगता यायचे. पोत्यासारखा इकडून तिकडे होत होतो. खरं सांगू? त्या तीन दिवसांत मी ठरवलं होतं की पुढच्या थांब्यावर उतरून जायचं. कायमचं. मग टोले परत सुरू झाले, पण हात नवखा. एकदा तर तीन टोले पडले. तीन म्हणजे गाडी भरली, कुणाला घेऊ नका! मला हसू आलं. हसता येत नव्हतं, पण आलं. आणि मी उतरायचा राहिलो. पुढे दोन दिवसांनी तीही परत आली. रजेवर गेली असेल बिचारी.

हॉस्पिटलच्या कागदांत एक छापील अर्ज निघालाय. वर्षातून एकदा ते एका नर्सचा गौरव करतात, आणि नाव पेशंटने सुचवायचं. शेवटची तारीख पंधरा मार्च. पण मला तिचं नाव माहीत नाही, चेहरा मी पाहिलेला नाही. आवाज तेवढा कुठेही ओळखेन. तू रोज सकाळी काचेबाहेर बसायचीस. तेवढं शोधून काढ. मी आयुष्यात तुझ्याकडे फार मागितलं नाही. (मागितलंय, पण ते सोडून दे.)

तुझा,
छोट्या

१५ फेब्रुवारी

चि. छोट्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिण्याइतकी ताकद आली, हे वाचून जीव भांड्यात पडला. औषधं वेळेवर घे आणि तान्ह्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नकोस, छाती अजून कच्ची आहे.

त्या अर्जाचं म्हणशील, तर मला ते अवघड दिसतं. तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली, डोक्याला टोप्या. कोण कुठली हे त्यांच्या आयांनाही कळलं नसतं. मी काचेबाहेर होते, आतलं मला काही ऐकू येत नव्हतं. शिवाय डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की त्या औषधांनी माणसाला भास होतात. तुला बस दिसत होती, हे तू स्वतःच लिहितोस. मग टोले कशावरून खरे?

माझं ऐक. सगळ्या वॉर्डाला मिळून एक आभाराचं पत्र लिही, मी नेऊन देते. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या खट्टू होतात. अडतीस वर्षं शाळेत बक्षिसं वाटली आहेत मी, मला नको सांगूस.

आणि मी तिथे नुसती हातावर हात ठेवून बसले नव्हते, एवढं लक्षात ठेव. जिथे चुकताना दिसलं तिथे मी स्पष्ट बोलले. तुझ्या बाजूने दुसरं होतं कोण? लेक बाळंतीण, ती येऊ शकत नव्हती.

ते तीन दिवस तू म्हणतोस ते साधारण कोणते, काही आठवतं का? सहज विचारते आहे.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आज जरा जास्त वाकून.

अडतीस वर्षं बक्षिसं वाटलीस, आणि आता एक द्यायची वेळ आली तर कारणं सांगतेस? तुझी ही सवय नाही. तू स्वतःला न आवडणाऱ्या मुलालाही पहिला नंबर दिला होतास, तो पहिला होता म्हणून.

भास म्हणतेस. बरं. मग हे ऐक. ती मला सांगायची, "काका, ताई आल्यात. मोहरीच्या रंगाची शाल आहे. आज वर्तमानपत्र आणलंय आणि लाल पेनाने त्यातल्या चुका काढतायत." सांग, हा भास मला कुठून व्हावा? मी तुझी शाल पाहिली नव्हती, ती तू मी आजारी पडल्यावर घेतलीस. एके दिवशी म्हणाली, "ताई आज काही वाचत नाहीयेत. नुसत्या तुमच्याकडे बघतायत." ते ऐकून मी त्या गाडीत उठून बसायचा प्रयत्न केला होता.

आणि मिशी. माझी मिशी गेली, त्यावर तू अजून एक अक्षर लिहिलेलं नाहीस, याचंही मला नवल वाटतं. तीस वर्षांची मिशी! डेपोत मला कुणी नावाने ओळखत नाही, 'मिशीवाले' म्हटलं की पुरे. ती कशी गेली ते सांगतो. एका सकाळी टोले पडले आणि ती म्हणाली, "काका, नळीची चिकटपट्टी मिशीवर धरत नाही. नळी सरकली तर तुमचा श्वास अडेल. मिशी काढू का?" आणि थांबली. मग म्हणाली, "आज फीत बांधून भागवते. उद्या परत विचारते." दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, तुम्हाला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तीनदा विचारलं. आता काढते. रागवायचं असेल तर बरे होऊन रागवा."

ताई, मी एकतीस वर्षांत लाखो माणसं नेली-आणली. पण बोलता न येणाऱ्या माणसाला कुणी तीन दिवस विचारत बसलेलं मी पाहिलेलं नाही. मी काय होतो तेव्हा? खाटेवर टाकलेलं एक ओझं. ती माझ्याशी माणसासारखी वागत होती म्हणून मला आठवण राहिली की मी माणूस आहे.

हाही भास म्हणशील, म्हणून पुरावा देतो. परवा लेकीने हॉस्पिटलातून आलेली पिशवी रिकामी केली. तूच बांधून दिली होतीस ती. घड्याळ, चष्मा, आणि तळाला एक छोटं पाकीट. तिने उघडलं आणि किंचाळली, तिला वाटलं उंदराचं पिल्लू आहे. आत कापसात गुंडाळलेली माझी मिशी होती! पाकिटावर निळ्या शाईत लिहिलंय, 'खाट ७. काकांची मिशी. विचारून काढली.'

ते तीन दिवस कोणते, विचारलंस. मिशी काढली त्याच्या लगेच पुढचे. पण तुला का हवंय?

छोट्या

३ मार्च

छोट्या,

हे पत्र मी चारदा लिहून चारदा फाडलं. आता जसं उतरेल तसं पाठवते. पुरं वाच, आणि मग काय ते म्हण.

ती रजेवर गेली नव्हती. मी तिला तुझ्यापासून दूर केलं होतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पाचला, रोजच्यासारखं दहा मिनिटं मला आत सोडलं. तुझ्या खाटेशी आले तर मिशी नाही. ओठ उघडा. मिशीशिवाय तू बारा वर्षांचा दिसत होतास. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि मी वीस. त्या दिवशी तू माझ्या मागे मागे फिरत होतास, आठवतं? तोच चेहरा खाटेवर होता. मला वाटलं, यांनी तुला आवरून ठेवलंय. जाणाऱ्या माणसाला आवरतात तसं. आणि मला कुणी सांगितलेलं नाही.

मी तिथेच, बाहेरच्या बाकावर बसून तक्रार लिहिली. दोन पानं. कलमं घालून. पहिलं कलम, रुग्णाची मिशी न विचारता काढली. दुसरं, सकाळच्या पाळीची नर्स काम करताना सतत बडबड करते, रुग्णाकडे लक्ष नसते. तिसरं, पेनाने खाटेच्या दांडीवर ठोकत राहते, शिस्त नाही. काचेतून मला तिची मान हललेली दिसायची, बघ. आत दुसरं कुणी नाही, मग ही बोलते कुणाशी? कानात फोनचं काहीतरी असणार, असं मी धरून चालले. ती तुझ्याशी बोलत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तुझी सख्खी बहीण. मी स्वतः त्या दहा मिनिटांत तुझ्याशी एक शब्द बोलत नव्हते. मला वाटायचं, ऐकायला कोण आहे तिथे?

तक्रारीखाली मी सही केली, 'निवृत्त मुख्याध्यापिका'. दुसऱ्याच दिवशी तिला तुझ्या खाटेवरून हलवलं. मला समाधान वाटलं होतं. तू उतरून जायचं ठरवलं होतंस, ते दिवस हेच. तुझं पहिलं पत्र वाचल्यापासून मला धड झोप नाही.

काल वॉर्डात जाऊन आले. इन्चार्ज सिस्टर जुनी बाई आहे, बोलायला फटकळ. तिने फायलीतून माझी तक्रार काढली आणि त्याखाली तुझ्या त्या सिस्टरने दिलेला खुलासा दाखवला. एवढाच: 'बाईंचं म्हणणं बरोबर आहे. पेशंटला विचारलं होतं. बाईंना विचारायचं राहिलं.' स्वतःची बाजू म्हणून एक अक्षर नाही. मी अडतीस वर्षांत शिक्षकांचे हजार खुलासे वाचले असतील. असा एक नाही वाचला.

इन्चार्ज म्हणाली, "बेशुद्ध पेशंटला विचारलं म्हणजे काय, आम्ही हसलो तेव्हा. पण खाट सातपाशी जाऊ नको म्हटलं तर ती गेली नाही. पाळी बदलताना मात्र रोज सांगायची, सातला हात लावण्याआधी दोनदा वाजवा, त्यांना ते कळतं. आम्ही तीन दिवस मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी मीच वाजवलं, एकदाचं समाधान होऊ दे तिचं म्हणून. तर समोरच्या पडद्यावर यांची धडधड एकशे चाळीसवरून खाली आली. त्याच दिवशी माझ्या हातून एकदा तीन पडले." मी म्हटलं, "ते तीन तो अजून विसरलेला नाही." त्या सिस्टरला दोन दिवसांनी तुझ्या खाटेवर परत पाठवलं ते इन्चार्जनेच, माझी तक्रार तशीच फायलीत ठेवून.

तुझ्या धंद्यातले टोले तिला कसे कळले, याचं मला कोडं पडलं होतं. मग आठवलं. पहिल्या दिवशी एक नर्स बाहेर येऊन मला म्हणाली होती, "काका काय काम करतात? कसे आहेत?" मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं होतं, "बस चालवतो. दोन टोले पडल्याशिवाय जागचा हलत नाही, म्हणून आजवर गाडीला ओरखडा नाही." तेवढ्या एका वाक्यावर तिने तुला सांभाळलं. आणि ते पाकीट तुझी पिशवी बांधताना माझ्याच हातात होतं. मी उघडूनही पाहिलं नाही.

आता अडचण अशी. जिच्यावर तक्रार चालू आहे तिचं नाव गौरवासाठी घेत नाहीत. मी म्हटलं, मी मागे घेते. इन्चार्ज म्हणाली, "तक्रार तुमची, पण अंग पेशंटचं. विचारलं की नाही, हे पेशंटनेच लिहून द्यायला हवं." मी म्हटलं, पेशंट तर बेशुद्ध होता. ती म्हणाली, "मग बघा बाई. पंधरा तारखेपर्यंत."

मला माफ कर असं लिहायला पेन धजत नाही. तुला जे वाटेल ते लिही.

ताई

८ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस पेन हातात धरलं नाही. खोटं कशाला बोलू, राग आला. आवाज असता तर फोन करून ओरडलो असतो. नव्हता, हे बरं झालं.

तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहिलो. मिशी आता तांदळाएवढी आलीय. त्या थोड्याशा मिशीत मला खरंच बारा वर्षांचा तो दिसला. आई गेली त्या दिवशी मी तुझ्या मागे मागे फिरत होतो, कारण तू गेलीस तर कोण, हीच धास्ती होती. ताई, तू काचेबाहेर तेच करत होतीस. फक्त तुझ्या हातात लाल पेन होतं. चूक झाली, मोठी झाली. पण ती माझ्यासाठी भांडताना झाली. तुझ्यावर रागावून मी जाऊ कुठे?

सोबत हे जोडतोय. दाखव तुझ्या फटकळ बाईला.

'मी, खाट सातवरचा रुग्ण, शुद्धीवर असताना लिहून देतो की माझी मिशी काढण्यापूर्वी मला सलग तीन दिवस, तीन वेळा विचारण्यात आलं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ती माझी अडचण होती. माझं उत्तर हो असं होतं. ते आज देतो आहे. उशिराबद्दल क्षमस्व.'

खाली सही आहे. आणि अर्जही भरलाय, नावाची जागा तेवढी कोरी आहे. ती तू तुझ्या अक्षरात भर.

छोट्या

१५ मार्च

छोट्या,

दिलं. सकाळी दहाला दिलं. इन्चार्ज सिस्टरने तुझा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चाळीस वर्षांच्या नोकरीत बेशुद्ध पेशंटचा जबाब पहिल्यांदा आला." मग तक्रारीवर 'निकाली' लिहून फाइल बंद केली. मी तुझ्या अर्जात तिचं नाव लिहिलं आणि पेटीत टाकलं. लिहिताना अक्षर बिघडू दिलं नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. तिथे मी काय पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कागद होईपर्यंत इन्चार्जने मला आत, तिच्या टेबलाशी बसवलं. तोंडाला मास्क, अंगात तो हिरवा झगा. काचेच्या आत मी पहिल्यांदाच इतका वेळ होते, आणि पहिल्यांदाच मला ऐकू येत होतं. समोरच्या खाटेवर एक आजी होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. मी पोचले तेव्हाच त्यांचं संपत आलं होतं. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, वेळ लिहिली आणि हळूच पडद्यावरचा आवाज बंद करून गेले. आजी गेल्या होत्या, छोट्या. त्यात काही शंका नव्हती.

खाटेशी तुझी ती सिस्टर होती. ती बाजूला झाली नाही. म्हणाली, "आजी, नळी काढते हं. आता दुखणार नाही." काढली. "तोंड पुसते. पाणी कोमट आहे." पुसलं. "केस विंचरते. भांग डावीकडे पाडता ना तुम्ही?" आणि थांबली. तू लिहितोस तसंच थांबली. मग नवी चादर आणली, पण लगेच पांघरली नाही. चादरीचं एक टोक त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात धरवलं, कापड पारखताना शिंपी धरतात ना, तसं, आणि म्हणाली, "सुती आहे आजी. बघा, चांगलं आहे की नाही." मग पांघरली.

मला वाटतं, तिथे कुणी बघत नव्हतं. म्हणजे मी बघत होते, पण ते तिला माहीत नव्हतं. कुणाला दाखवायचं नव्हतं, आजी बऱ्या होऊन अर्ज भरणार नव्हत्या. तरी तिने एकही गोष्ट न सांगता केली नाही. अडतीस वर्षं मी वर्गात शिरले की मुलं उभी राहायची. आज मी उभी राहिले. का ते मला कळलंही नाही, पाय आपोआप सरळ झाले. ती निघून जाईपर्यंत मी तशीच उभी होते.

नंतर ती बाहेरच्या नळावर हात धुवायला आली. मास्क काढला. अरे, किती लहान आहे! माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी. नाकावर मास्कचा वळ, डोळे लाल. मी तिला गाठलं आणि म्हटलं, "ती तक्रार मी केली होती."

"माहीत आहे, बाई," ती म्हणाली. "अक्षर फार सुंदर होतं. मी दोनदा वाचली."

"रागाने?"

"नाही हो. खरी होती म्हणून. काकांना मी सगळं सांगत होते, आणि काचेबाहेर तुम्ही अकरा दिवस बसून होता, तुम्हाला कुणीच काही सांगत नव्हतं. आता मी रोज पाळी सुरू झाली की आधी बाहेर येते. बाकावर जे असतील त्यांना सांगते, आज काय काय करणार ते. मग आत जाते." मग जरा लाजत म्हणाली, "काकांची मिशी आली का परत?"

मी म्हटलं, तांदळाएवढी आलीय. ती इतकी मोकळी हसली की वळ पडलेलं नाकही हसलं.

मला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. तुझ्या डोक्यावरून फिरवायचे तसा. हात उचललाही होता. मग थांबले. तुला माहीत आहे, मी जन्मात कधी कुणाला विचारून काही केलं नाही, ना शाळेत ना घरात. आज विचारलं. "तुमच्या डोक्यावर हात ठेवू का?"

तिने डोकं खाली केलं.

ताई

२ एप्रिल

ताई,

नमस्कार. आज खरोखर वाकून केला, धाप लागली नाही.

बातमी तुला कळलीच असेल. काल हॉस्पिटलचं पत्र आलं, गौरव तिलाच. पुढच्या महिन्यात छोटासा कार्यक्रम आहे, वॉर्डातच, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे कुणाला खाट सोडावी लागणार नाही. मला यायला जमेल असं डॉक्टर म्हणतात. तू ती मोहरीची शाल पांघर.

दुसरी बातमी. परवा तपासणी झाली. सूज उतरलीय. डॉक्टर म्हणाले, आता रोज एक वाक्य बोला, जास्त नको. लेक म्हणाली, पहिलं वाक्य बाळाशी बोला. मी मानेनेच नाही म्हटलं. पहिलं वाक्य कुणाशी बोलायचं ते माझं केव्हाच ठरलं होतं. माझ्या लक्षात आलं होतं की इतके दिवस ती माझ्याशी बोलली, आणि तिने माझा आवाज एकदाही ऐकलेला नाही.

आज सकाळी लेकीने वॉर्डात फोन लावला आणि तिला बोलावून घेतलं. कोण बोलणार आहे ते सांगितलं नाही, मीच खुणेने नको म्हटलं होतं. फोन माझ्या हातात दिला. वाक्य मी दोन दिवस घोकत होतो. मोठं झकास वाक्य होतं, तुला आवडलं असतं. पलीकडून तिचा आवाज आला, "हॅलो, कोण?" तोच आवाज, ताई. मागच्या बाकावर ऐकलेला. काही सुचेना. मग मी पेन घेतलं आणि फोनवर वाजवलं. दोनदा.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ड्रायव्हरकाका?" ती म्हणाली.

ते झकास वाक्य मी विसरलो. मी म्हटलं, "हो."

तुझा,
छोट्या